फ्रेडरिक मॅकिनली जोन्स

फ्रेडरिक मॅकिनली जोन्स (१७ मे १८९३ – २१ फेब्रुवारी १९६१) हे अमेरिकन संशोधक, यंत्रज्ञ आणि उद्योजक होते. लांब पल्ल्याच्या मालमोटारींसाठी टिकाऊ यांत्रिक शीतकरण संच तयार करण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. त्यांच्या नावावर साठाहून अधिक पेटंटे असून त्यांपैकी सुमारे चाळीस शीतकरणाशी संबंधित आहेत. जोसेफ न्यूमेरो यांच्यासह त्यांनी उभारलेली कंपनी पुढे थर्मो किंग या नावाने जगभर ओळखली जाऊ लागली. जोन्स यांचे शालेय शिक्षण अकराव्या वर्षीच सुटले होते आणि अभियांत्रिकीचे औपचारिक शिक्षण त्यांना कधीच मिळाले नाही. फळे, भाजीपाला, दूध, मांस व औषधे थंड ठेवून शेकडो मैल नेणे त्यांच्या संशोधनामुळे रस्त्यानेही शक्य झाले. महाराष्ट्रातून युरोपला जाणारी द्राक्षे बंदरापर्यंत पोहोचवणारी शीतवाहने याच तत्त्वावर चालतात.

प्रारंभिक जीवन

जोन्स यांचा जन्म अमेरिकेतील ओहायो व केंटकी राज्यांच्या सीमेवर, सिनसिनाटी शहराच्या परिसरात झाला. त्यांचे वडील आयरिश वंशाचे श्वेतवर्णीय रेल्वे कामगार होते, तर आई आफ्रिकन-अमेरिकन होती. आईचे छत्र त्यांच्या लहानपणीच हरपले. एकट्याने मुलाचा सांभाळ करणे वडिलांना जमेना. जोन्स सुमारे सात वर्षांचे असताना वडिलांनी त्यांना केंटकीतील फादर रायन या कॅथलिक धर्मगुरूंच्या स्वाधीन केले. पुढे काही काळातच वडिलांचेही निधन झाले.

चर्चच्या निवासस्थानी राहून जोन्स स्वयंपाकघरातील व साफसफाईची कामे करीत आणि शाळेत जात. यंत्रे उघडून पाहण्याची त्यांची आवड फादर रायन यांच्या लक्षात आली होती व त्यांनी तिला प्रोत्साहन दिले. मात्र शाळेत त्यांचे मन रमले नाही. वयाच्या अकराव्या वर्षी सहावीनंतर शिक्षण सोडून ते सिनसिनाटीला परतले आणि मोटारींच्या एका गॅरेजमध्ये झाडलोट करणारा मुलगा म्हणून कामाला लागले. मोटार त्या काळी नवीच होती आणि ती दुरुस्त करण्याचे रीतसर शिक्षण फारसे उपलब्ध नव्हते. जोन्स पाहून आणि हाताळून शिकले. चौदाव्या वर्षापर्यंत ते मेकॅनिक झाले होते व त्यानंतर लवकरच त्याच गॅरेजचे फोरमन झाले. शर्यतीच्या मोटारी बनवण्याचा अनुभवही त्यांना येथेच मिळाला.

हॅलॉक येथील वास्तव्य

१९१२ साली जोन्स अमेरिकेच्या उत्तर टोकाला, मिनेसोटा राज्यातील हॅलॉक या छोट्या गावी आले. रेल्वे उद्योगपती जेम्स हिल यांचे पुत्र वॉल्टर हिल यांची तेथे हजारो एकरांची शेती होती. या शेतीवरील ट्रॅक्टर, मळणीयंत्रे व इतर अवजारांची देखभाल जोन्स यांच्याकडे आली. दिवसभर यंत्रे दुरुस्त करायची आणि रात्री यंत्रशास्त्र व विद्युतशास्त्रावरील पुस्तके वाचायची, असा त्यांचा क्रम होता. अमेरिकेच्या अनेक भागांत त्या काळी कृष्णवर्णीयांना शाळा, रेल्वेचे डबे व उपाहारगृहे वेगळी होती. तुलनेने हॅलॉकच्या रहिवाशांनी त्यांना आपल्यातले मानले आणि जवळपास अठरा वर्षे हे गाव त्यांचे घर राहिले.

पहिल्या महायुद्धात ते अमेरिकी सैन्यातून फ्रान्सला गेले. छावण्यांमध्ये वीज, दूरध्वनी व तारयंत्राच्या जोडण्या करण्याचे काम त्यांच्याकडे होते आणि ते सार्जंटच्या पदापर्यंत पोहोचले. युद्धानंतर हॅलॉकला परतल्यावर त्यांनी गावाच्या नव्या आकाशवाणी केंद्रासाठी प्रक्षेपक तयार केला. हिवाळ्यात बर्फाने रस्ते बंद होत तेव्हा डॉक्टरांना रुग्णांपर्यंत पोहोचता यावे म्हणून विमानाचा पंखा लावलेली घसरगाडी त्यांनी बनवली. रुग्णाजवळ नेता येईल असे क्ष-किरण यंत्रही त्यांनी तयार केले. शर्यतीच्या मोटारी बनवून त्या स्वतः चालवण्याचा छंदही चालूच होता. शेतातील ट्रॅक्टर असो किंवा शर्यतीची मोटार, सतत हादरे खाणाऱ्या यंत्राचा कोणता सुटा भाग आधी निखळतो, हे ज्ञान त्यांना या वर्षांत मिळाले. पुढील संशोधनात तेच सर्वांत मोलाचे ठरले.

चित्रपट व्यवसायातील काम

१९२० च्या दशकाच्या अखेरीस बोलपट आले. लहान गावांतील चित्रपटगृहांना ध्वनियंत्रणा विकत घेणे परवडत नव्हते. हॅलॉकच्या चित्रपटगृहासाठी जोन्स यांनी उपलब्ध भंगार सामान वापरून ध्वनियंत्रणा तयार केली. तिची वार्ता मिनियापोलिस येथील उद्योजक जोसेफ न्यूमेरो यांच्या कानी गेली. न्यूमेरो यांची कंपनी चित्रपटगृहांना लागणारी उपकरणे बनवीत असे. १९३० मध्ये त्यांनी जोन्स यांना नोकरी दिली. येथे जोन्स यांनी प्रक्षेपण व ध्वनी यांत अनेक सुधारणा केल्या. चित्रपटगृहात तिकिटे देणाऱ्या स्वयंचलित यंत्राचे पेटंट त्यांना १९३९ साली मिळाले.

शीतवाहतुकीचा प्रश्न

नाशवंत माल थंड ठेवून दूरवर नेण्याचा प्रघात अमेरिकेत एकोणिसाव्या शतकापासून होता, पण तो प्रामुख्याने रेल्वेवर आणि बर्फावर अवलंबून होता. डब्याच्या टोकांना असलेल्या कप्प्यांत बर्फ भरला जाई व ठरावीक अंतरावरील स्थानकांवर तो पुन्हा भरावा लागे. एक किलो बर्फ वितळताना सुमारे ३३४ किलोज्यूल उष्णता शोषून घेतो. शीतकरण यंत्राची क्षमता आजही टनांत सांगितली जाते, ती एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो त्या मापावरून.

मालमोटारींना ही व्यवस्था गैरसोयीची होती. बर्फाच्या वजनामुळे माल कमी भरावा लागे, वितळलेले पाणी मालात शिरे आणि तापमानावर नियंत्रण राहत नसे. वाटेत मोटार बिघडली किंवा अपेक्षेपेक्षा उशीर झाला, तर बर्फ संपे आणि माल सडे. घरगुती व दुकानांतील शीतकपाटे तोपर्यंत प्रचारात आली होती, परंतु तशी यंत्रे मोटारीवर बसवण्याचे प्रयत्न टिकले नाहीत. थंडावा कसा निर्माण करायचा हे माहीत होते. खड्ड्यांच्या हादऱ्यांनी नळ्यांचे सांधे उकलत, वायू गळून जाई आणि यंत्र बंद पडे, हीच खरी अडचण होती.

जोन्स या प्रश्नाकडे वळले तो प्रसंग १९३८ चा म्हणून सांगितला जातो. न्यूमेरो गोल्फ खेळत असताना त्यांचे वाहतूक व्यावसायिक मित्र हॅरी वर्नर यांनी, उष्म्याने मोटारीतील कोंबडीचे मांस नासून मोठे नुकसान झाल्याची तक्रार केली. न्यूमेरो यांनी थट्टेच्या सुरात मोटारीसाठी शीतयंत्र बनवून देण्याचे कबूल केले. वर्नर यांनी ते बोलणे खरे मानून आपली मोटार पाठवून दिली. ती तपासून जोन्स यांनी मोजमापे घेतली आणि हे काम होण्यासारखे असल्याचे सांगितले.

यंत्राची रचना

जोन्स यांनी नवे शीतकरण तत्त्व शोधलेले नाही. त्यांच्या यंत्रात प्रचलित बाष्प-संपीडन चक्रच वापरले आहे. शीतक वायूला कॉम्प्रेसर दाबतो, त्यामुळे तो तापतो. बाहेरच्या जाळीत तो आपली उष्णता हवेला देऊन द्रवरूप होतो. अरुंद झडपेतून पुढे जाताना त्याचा दाब अचानक उतरतो. नंतर मालाच्या कप्प्यालगतच्या जाळीत त्याचे पुन्हा बाष्प होते आणि त्यासाठी लागणारी उष्णता तो आतल्या हवेतून खेचून घेतो. पंखा ही थंड झालेली हवा मालावरून फिरवतो.

जोन्स यांचे वैशिष्ट्य मांडणीत होते. कॉम्प्रेसर, त्याला फिरवणारे छोटे इंजिन, दोन्ही जाळ्या आणि पंखे त्यांनी एकाच भक्कम सांगाड्यावर आटोपशीरपणे बसवले व हादरे सोसतील असे सांधे योजले. यंत्राला स्वतःचे इंजिन असल्याने मोटार उभी असतानाही शीतकरण चालू राही. पहिला संच मोटारीच्या सांगाड्याखाली बसवलेला होता. तो जड होता आणि चाकांनी उडवलेली धूळ व चिखल त्यात जाई. पुढील संच जोन्स यांनी हलके केले आणि नंतर यंत्राची जागाच बदलून ते मालकप्प्याच्या पुढच्या भिंतीवर, चालकाच्या खोलीच्या माथ्यालगत नेले. तेथे धूळ कमी लागते, गार हवा छतालगत सोडता येते आणि मालासाठी अधिक जागा मिळते. आजच्या शीतवाहनांवर यंत्र सहसा याच ठिकाणी दिसते.

वाहनांसाठीच्या या वातानुकूलन यंत्राच्या पेटंटासाठी जोन्स यांनी १९३९ मध्ये अर्ज केला व १९४२ मध्ये ते मंजूर झाले. पुढील वर्षांत त्यांनी तापमान पाहून इंजिन आपोआप सुरू व बंद करणारी योजना, इंजिन सुरू करण्याचे व वीज निर्माण करण्याचे काम एकत्र करणारे उपकरण आणि लहान द्विघाती इंजिन यांची पेटंटे मिळवली. या सुधारणांमुळे चालकाने सतत लक्ष न देताही कप्प्यातील तापमान राखता येऊ लागले.

कंपनी आणि दुसरे महायुद्ध

या यंत्राच्या बळावर न्यूमेरो यांनी आपला चित्रपट-साहित्याचा व्यवसाय विकला आणि जोन्स यांच्या भागीदारीत यू. एस. थर्मो कंट्रोल कंपनी स्थापन केली. तिच्या संचांना थर्मो किंग हे नाव देण्यात आले. जोन्स कंपनीचे उपाध्यक्ष व अभियांत्रिकी विभागाचे प्रमुख होते.

दुसऱ्या महायुद्धात सैन्याला रणभूमीजवळ अन्न, औषधे आणि रक्तद्रव टिकवण्याची निकड भासली. उष्ण प्रदेशांत, वीज व बर्फ उपलब्ध नसलेल्या ठिकाणी चालतील अशा हलवता येण्याजोग्या शीतयंत्रांचा कंपनीने पुरवठा केला. लष्करी रुग्णालये आणि स्वयंपाक-तळ यांत त्यांचा उपयोग झाला. मोटारीच्या हादऱ्यांसाठी केलेली बांधणी येथेही कामी आली. १९४४ मध्ये अमेरिकेतील शीतकरण अभियंत्यांच्या संस्थेने जोन्स यांना सदस्य करून घेतले. हा मान मिळालेले ते पहिले आफ्रिकन-अमेरिकन होते. ज्या संस्थेच्या सदस्यांची ओळख सहसा पदवीने होत असे, तेथे त्यांचा प्रवेश केवळ कामाच्या आधारे झाला. १९५० च्या दशकात त्यांनी अमेरिकेच्या संरक्षण खात्याला सल्लागार म्हणूनही साहाय्य केले.

युद्धानंतर कंपनीचा विस्तार झपाट्याने झाला. मालमोटारींबरोबर रेल्वेचे डबे आणि जहाजे यांच्यासाठीही शीतसंच तयार होऊ लागले. जोन्स यांनी १९४६ मध्ये लुसिल यांच्याशी विवाह केला. अखेरच्या काळातही त्यांचे संशोधन चालू होते.

मृत्यू आणि सन्मान

फुप्फुसाच्या कर्करोगाने २१ फेब्रुवारी १९६१ रोजी मिनियापोलिस येथे जोन्स यांचे निधन झाले. १९९१ मध्ये अमेरिकेचे राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक जोन्स व न्यूमेरो यांना मरणोत्तर जाहीर झाले. हे पदक मिळालेले जोन्स हे पहिले आफ्रिकन-अमेरिकन होत. राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांच्या हस्ते दोघांच्या पत्नींनी ते स्वीकारले. २००७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधक दालनात जोन्स यांचा समावेश करण्यात आला.

शीतसाखळीवरील परिणाम

रेल्वे केवळ स्थानकापर्यंत जाते. मालमोटार शेतापासून दुकानाच्या दारापर्यंत जाते. त्यामुळे शीतवाहन उपलब्ध होताच ताज्या मालाचा व्यापार रेल्वेमार्गांपलीकडे पसरला. एका हंगामातील फळ दूरच्या प्रदेशात वर्षभर मिळू लागले आणि गोठवलेल्या अन्नाचा व्यवसाय वाढला. काढणीपासून ग्राहकापर्यंत तापमान न तुटता राखण्याच्या या व्यवस्थेला शीतसाखळी असे म्हणतात.

शीतवाहनाच्या मर्यादाही याच तत्त्वातून येतात. तोडलेले फळ जिवंत असते. ते श्वसन करते आणि स्वतः उष्णता बाहेर टाकते. मोटारीवरील यंत्राची क्षमता थंड माल थंड ठेवण्यापुरती असते. उन्हात तापलेला माल थंड करण्याइतकी ती नसते. म्हणून माल भरण्यापूर्वीच त्याचे पूर्वशीतकरण करावे लागते आणि कप्पाही आधी थंड करून घ्यावा लागतो. खोकी भिंतीला किंवा छताला टेकवून रचल्यास हवा फिरत नाही व मधला माल तापतो. प्रत्येक फळाचे योग्य तापमानही वेगळे असते. द्राक्षे शून्य अंश सेल्सिअसच्या आसपास चांगली टिकतात. केळी सुमारे १३ अंशांखाली नेल्यास त्यांची साल काळवंडते आणि आंब्यालाही फार थंडी बाधते. त्यामुळे वेगवेगळी फळे एकाच कप्प्यात भरणे धोक्याचे असते. यंत्र कितीही चांगले असले तरी ते गमावलेला ताजेपणा परत आणू शकत नाही.

पुणे व महाराष्ट्रातील संदर्भ

जोन्स यांचे यंत्र तयार होत होते त्याच दशकात पुण्यातही नाशवंत फळांच्या दूरवाहतुकीवर काम चालू होते. गणेशखिंड येथील फळ संशोधन केंद्रात फलोद्यानतज्ज्ञ जी. एस. चीमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आंबा शीतगृहात किती तापमानाला व किती दिवस टिकतो याचे प्रयोग केले. १९३२ व १९३३ मध्ये युरोपला आंबा पाठवून पाहण्यात आला आणि त्याचा अहवाल १९३४ साली मुंबई प्रांताच्या कृषी खात्याने प्रसिद्ध केला. मिनियापोलिसमध्ये प्रश्न यंत्राचा होता, पुण्यात फळाचा. यंत्र फळाला थंडी पुरवते, पण किती थंडी द्यायची हे फळावरील संशोधनाशिवाय ठरवता येत नाही. शीतवाहतुकीला या दोन्ही ज्ञानांची गरज असते.

या दोन्ही बाजू महाराष्ट्रात एकत्र आल्याचे सर्वांत ठळक उदाहरण द्राक्षांच्या निर्यातीत दिसते. १९९१ मध्ये द्राक्ष उत्पादकांच्या सहकारी संस्थांना एकत्र आणून पुण्यात महाग्रेप्स ही संस्था स्थापन झाली. नाशिक, सांगली, सोलापूर आणि पुणे जिल्ह्यांतील बागांमध्ये सकाळी लवकर घड तोडून ते पॅकिंग केंद्रात आणले जातात. तेथे खोकी भरल्यावर पूर्वशीतकरण कक्षात फळाचे तापमान काही तासांत उतरवले जाते आणि नंतर ती शीतगृहात ठेवली जातात. पुढे रीफर कंटेनरमधून ती घाट उतरून न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदराकडे जातात. घाटात वाहतूक तासन् तास खोळंबली तरी कंटेनरला जोडलेला जनरेटर यंत्र चालू ठेवतो. हे यंत्र वाहनाच्या इंजिनावर अवलंबून नसावे, हा जोन्स यांचा विचार येथे निर्णायक ठरतो. जहाजावर चढल्यावर कंटेनरला जहाजाची वीज मिळते व युरोपपर्यंतचा काही आठवड्यांचा प्रवास त्याच तापमानात होतो.

द्राक्षावरील संशोधनासाठी पुण्याजवळ मांजरी येथे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, तर तळेगाव दाभाडे येथे काढणीपश्चात तंत्रज्ञानाचे प्रशिक्षण दिले जाते.

देशांतर्गत बाजाराची स्थिती मात्र वेगळी आहे. पुण्याच्या गुलटेकडी येथील मार्केट यार्डात येणारा बहुतेक भाजीपाला आजही शीतकरणाविना, उघड्या किंवा ताडपत्री झाकलेल्या टेम्पोंतून येतो. ऊन टाळण्यासाठी तो रात्री भरून पहाटे बाजारात पोहोचवण्याची पद्धत आहे. जवळच्या गावांहून येणाऱ्या पालेभाजीला हा मार्ग पुरतो. अंतर वाढते तसा नासाडीचा वाटाही वाढतो. शीतवाहनाचे भाडे, यंत्राला लागणारे डिझेल आणि परतीच्या फेरीला न मिळणारा माल यांमुळे स्वस्त भाजीला हा खर्च पेलत नाही. वर्नर यांच्यासारख्या वाहतूकदाराला १९३८ मध्ये सोसावा लागलेला तोटा येथे सहसा शेतकऱ्याच्या वाट्याला येतो. जोन्स यांनी यंत्र रस्त्यावर टिकवण्याचा प्रश्न सोडवला; ते लहान उत्पादकाच्या आवाक्यात आणण्याचे काम मात्र महाराष्ट्रात अजून पूर्ण झालेले नाही.